सॉरी म्हणून झालं, पुढे काय?

मागच्या अंकात मी लिहिलं होतं, की राग, भीती, हेवा, एकटेपणा यांच्याशी कसं वागायचं हे शाळेनं मुलांना शिकवावं आणि पाढे शिकवतो तसं शिकवावं, म्हणजे रोज थोडं थोडं आणि सरावानं. त्यावर बरीच पत्रं आली. काही पटल्याची, काही चिडून लिहिलेली. चिडलेल्या पत्रांनी मला जास्त विचार करायला लावलं, म्हणून सुरुवात तिथूनच करते.

प्रश्न : माझा मुलगा सहावीत आहे. यंदा त्याच्या शाळेनं आठवड्यातला एक तास ‘सामाजिक-भावनिक शिक्षणा’ला दिला आणि तो गणितातून काढला. मुलगा घरी येऊन सांगतो, ‘आज आम्ही हसरे-रडके चेहरे काढले.’ ताई, शाळेनं अभ्यास घ्यावा. वागणं आम्ही घरी शिकवू. माझं काही चुकतंय का?
— एक वडील

उत्तर : सगळं चुकत नाही. तास गणितातूनच का काढला, हे मीही विचारलं असतं. तुम्ही मुख्याध्यापकांना जरूर विचारा. पण ‘अभ्यास शाळेचा आणि वागणं घरचं’ अशी जी वाटणी तुम्ही केलीत, ती एकतीस वर्षं वर्गात उभं राहून मला एकदाही दिसली नाही.

एका मुलाबद्दल सांगते. पाचवीत होता. तोंडी विचारलं तर अपूर्णांकांची बेरीज पटकन सांगायचा. चाचणीत मात्र पहिलं उदाहरण अडलं की खोडायला लागायचा. खोडून लिहायचा, पुन्हा खोडायचा. कागद पातळ होत जायचा आणि शेवटी फाटायचा. मग त्या भोकाकडे बघत उरलेला वेळ तसाच बसून राहायचा. दोन चाचण्यांत मी ‘लक्ष देत नाहीस’ म्हणून त्याला रागावले. तिसऱ्या वेळी त्याच्या शेजारी बाकावर जाऊन बसले तेव्हा दिसलं, की त्याचा श्वास वरच्या वर चालला होता आणि पेन्सिल धरलेली बोटं पांढरी पडली होती. गणित त्याला येतच होतं. घाबरल्यावर काय करायचं, ते येत नव्हतं.

अपूर्णांकांच्या उदाहरणात मधली पायरी मनात धरून ठेवावी लागते. छेद समान केला, आता वरचा आकडा किती झाला, हे एकाच वेळी. मनाच्या त्या ओंजळीत मुळात थोडंच मावतं. त्यात ‘आता माझं काही खरं नाही’ हा विचार शिरला की आकडे सांडतात. मी त्याला एवढंच शिकवलं : अडलं की पेन्सिल खाली ठेवायची, दोन्ही पाय जमिनीला टेकवायचे, एक लांब श्वास सोडायचा आणि सरळ पुढच्या उदाहरणाला हात घालायचा. हे चाचणीत नाही शिकवलं. एरवी, काहीच पणाला लागलेलं नसताना, रोज दोन-दोन मिनिटं करून घेतलं. तीनेक आठवडे लागले. पुढच्या चाचणीत त्यानं दोनदा पेन्सिल खाली ठेवली, आणि पेपर न फाटता माझ्या हातात आला. ही दोन-दोन मिनिटं मीही गणिताच्या तासातूनच घेतली होती.

माझ्या एका मुलावरून तुम्ही मत बदलावं असं मी म्हणणार नाही. २०११ साली अमेरिकेतले मानसशास्त्रज्ञ जोसेफ डर्लाक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अशा २१३ शालेय कार्यक्रमांचा एकत्रित अभ्यास प्रसिद्ध केला. बालवाडीपासून बारावीपर्यंतची २ लाख ७० हजारांहून अधिक मुलं त्यात होती. या कार्यक्रमांमधल्या मुलांचं वागणं आणि मनःस्थिती सुधारलीच, शिवाय अभ्यासातली त्यांची कामगिरी सरासरी ११ शततमकांनी वर गेली. सोपं करून सांगायचं तर, शंभर मुलांत जे मूल बरोबर मधोमध उभं असतं, ते साधारण अकरा जणांना मागे टाकून पुढे गेलं. आणि यातली मला सगळ्यात महत्त्वाची वाटते ती गोष्ट ही, की अभ्यासातला हा फायदा शाळेच्या आपल्याच शिक्षकांनी कार्यक्रम घेतला तिथे दिसला. बाहेरून माणूस येऊन तास घेऊन गेला, तिथे अभ्यासात फरक पडलेला आढळला नाही. पाहुणा निघून जातो. मुलाचा हात थरथरायला लागतो तेव्हा वर्गात असते ती रोजचीच बाई.

ही कल्पना आजकालची नाही. १९६८ साली येल विद्यापीठातले मनोविकारतज्ज्ञ जेम्स कोमर न्यू हेवन शहरातल्या दोन शाळांत काम करायला गेले. हजेरीत आणि गुणांत शहरात सगळ्यात मागे असलेल्या, गरीब वस्तीतल्या त्या शाळा. त्यांनी नवं पुस्तक लावलं नाही. पालक, शिक्षक, मुख्याध्यापक यांना एका टेबलाशी बसवलं आणि मुलांची शाळेतल्या माणसांशी नाती कशी आहेत ते आधी पाहिलं. या कामाच्या दुसऱ्या दशकापर्यंत त्यातल्या शाळांची हजेरी आणि गुण दोन्ही वर आले. पुढे १९९४ मध्ये अमेरिकेत याच कामासाठी ‘कॅसेल’ ही संस्था स्थापन झाली आणि या शिक्षणाला ‘सामाजिक-भावनिक शिक्षण’ हे आज आपण वापरतो ते नाव मिळालं. त्यात काय काय येतं? आपल्याला काय होतंय ते ओळखणं, ते आवरणं, समोरच्याला काय होत असेल ते जाणणं, नातं टिकवणं आणि विचार करून निर्णय घेणं.

आता चेहऱ्यांचं. सहावीच्या मुलाकडून हसरे-रडके चेहरे काढून घेत असतील, तर तुमची तक्रार रास्त आहे. ते सहा वर्षांच्या मुलांचं काम. अकरा वर्षांच्या मुलाला दुसरेच प्रश्न पडलेले असतात. गटानं मला वगळलं तर काय करू? मित्र चुकीचं काही करायला सांगतोय, नाही कसं म्हणू? शाळेत जाऊन हे विचारा, की या तासात मुलगा प्रत्यक्ष करून काय बघतो आणि तीच गोष्ट बाकीच्या तासांना वापरली जाते का. उत्तर ‘नाही’ आलं, तर गणिताचा तास परत मागायला मीही तुमच्या बाजूनं उभी राहीन.

आणि घरी तुम्ही शिकवाच. पण घरी त्याला, आपण न निवडलेल्या चाळीस जणांबरोबर रोज सहा तास राहायचा सराव मिळत नाही. तो फक्त वर्गात मिळतो.

प्रश्न : माझ्याकडे तिसरीचा वर्ग आहे, बेचाळीस मुलं. मधल्या सुट्टीनंतर रोज दोन-तीन तक्रारी ठरलेल्या. यानं ढकललं, तिनं चिडवलं. मी दोघांना समोर उभं करते, सॉरी म्हणायला लावते, हात मिळवायला लावते आणि फळ्याकडे वळते. दुसऱ्या दिवशी पुन्हा तीच दोघं. प्रत्येक भांडण सोडवत बसले तर शिकवायचं कधी?
— एक शिक्षिका

उत्तर : तुम्ही करता तेच मी सुरुवातीची कितीतरी वर्षं केलं. ते कुठे थांबलं, ते सांगते.

माझ्या वर्गात दोन मुली होत्या, शेजारी बसणाऱ्या. भांडणात एकीनं दुसरीची कंपासपेटी आपटली आणि झाकणाची बिजागरी तुटली. मी नेहमीप्रमाणे सॉरी म्हणायला लावलं. एक जमिनीकडे बघत सॉरी म्हणाली. दुसरीला मी म्हटलं, ‘आता तू असू दे म्हण.’ तीही म्हणाली. दोन मिनिटांत विषय संपला. तीन दिवसांनी वह्या गोळा करताना दुसरीच्या बाकाच्या कप्प्यात मला ती पेटी दिसली. बिजागरीच्या जागी तिनं शिवायचा दोरा ओवून गाठी मारल्या होत्या. चार-पाच गाठी, एकीवर एक. झाकण तरीही वाकडंच बसत होतं. मी ते हातात घेऊन उभी राहिले. माझ्या लेखी संपलेलं भांडण ती पोर तीन दिवस एकटी दुरुस्त करत बसली होती. त्या सॉरीनं फक्त माझी अडचण मिटली होती.

तेव्हापासून मी सॉरी मागणं बंद केलं आणि प्रश्न विचारायला लागले. प्रत्येक वेळी तेच, त्याच शब्दांत, दोघांनाही : काय झालं? तेव्हा तुझ्या मनात काय चाललं होतं? यात कुणाला काय सोसावं लागलं? आता ते नीट करायला तू काय करशील? यात ‘का केलंस?’ नाही, हे तुमच्या लक्षात आलं असेल. ‘का’ विचारलं की मूल सबब शोधतं आणि बऱ्याचदा खोटं बोलतं, कारण खरं कारण त्यालाही माहीत नसतं. शेवटचा प्रश्न सगळ्यात मोलाचा. कंपासपेटीच्या बाबतीत मी तो उशिरा का होईना विचारला. पहिली मुलगी बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, ‘मी माझी पेटी देते, मी तिची वापरते.’ दुसरीनं पेटी घेतली नाही, पण ते ऐकून ती पहिल्यांदा तिच्याकडे वळून बघायला लागली. सॉरी त्यानंतर आलं, न मागता.

यासाठी मुलांकडे शब्द हवेत. तिसरीतल्या मुलाकडे बहुधा एकच असतो, राग. अपमान झाला तरी राग, भीती वाटली तरी राग, एकटं पडलं तरी राग. आणि रागाला उत्तर एकच, मारणं. म्हणून मी वर्गाच्या मागच्या भिंतीवर शब्द लावायला सुरुवात केली. आपल्या भाषेत या मालाची काय श्रीमंती आहे! रुसणं, हिरमुसणं, खट्टू होणं, ओशाळणं, वरमणं, चडफडणं, धास्तावणं, हुरहुरणं. मुलं त्यावर तावातावानं वाद घालायची. हिरमुसणं आणि खट्टू होणं एकच का? एक मुलगा म्हणाला, ‘खट्टू झालं तर आपण गप्प बसतो, हिरमुसलं तर दुसऱ्यांना चेहऱ्यावरून कळतं.’ बरोबर की चूक ते बाजूला ठेवा, आठ वर्षांचं मूल स्वतःच्या आत डोकावून फरक करत होतं! काही दिवसांनी तोच मुलगा माझ्याकडे आला आणि म्हणाला, ‘मी रागावलो नाहीये, मी ओशाळलोय.’ त्या दिवशी त्यानं कुणाला मारलं नाही.

नाव दिल्यानं भावनेचा जोर उतरतो, याला मेंदूविज्ञानातही आधार आहे. मॅथ्यू लिबरमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००७ मध्ये असा प्रयोग प्रसिद्ध केला. रागावलेले, घाबरलेले चेहरे दाखवून माणसांना त्या भावनेचा शब्द निवडायला सांगितलं, तेव्हा मेंदूतल्या अमिग्डाला या धोक्याची घंटा वाजवणाऱ्या भागाची हालचाल कमी झाली. त्याच चेहऱ्याला एखादं माणसाचं नाव निवडायला सांगितलं, तेव्हा तेवढी कमी झाली नाही.

वेळेचं म्हणाल, तर पहिला महिना जड जातो. रोज दहा-पंधरा मिनिटं जातील, खोटं कशाला सांगू. पण प्रश्न तेच असल्यामुळे ते मुलांना पाठ होतात. दुसऱ्या सत्रात एकदा मी वर्गात शिरत होते, तर खिडकीपाशी दोन मुलं भांडलेल्या दुसऱ्या दोघांना विचारत होती, ‘आता नीट करायला तू काय करशील?’ मी बाहेरच थांबले.

एक ताकीद मात्र देते, आणि ती फार गंभीरपणे. भांडण आणि छळ या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. शाळेतल्या छळावर आयुष्यभर काम केलेले डॅन ओल्वेउस यांनी छळाच्या तीन खुणा सांगितल्या : मुद्दाम करणं, पुन्हा पुन्हा करणं, आणि दोघांच्या बळात तफावत असणं. या खुणा दिसल्या तर दोघांना समोरासमोर बसवून हे चार प्रश्न विचारू नका. ज्याच्यावर रोज वार होतोय, त्याला वार करणाऱ्यासमोर मन उघडं करायला लावणं हा दुसरा वार आहे. तिथे आधी त्या मुलाला सुरक्षित करायचं, दोघांशी वेगवेगळं बोलायचं आणि मुख्याध्यापक व पालक यांना लगेच सामील करून घ्यायचं.

आणि तुम्ही दमलेल्या आहात, हे तुमच्या पत्राच्या ओळीओळीत दिसतंय. बेचाळीस मुलं शिकणार आहेत ती तुमच्याकडे बघून. आवाज चढतोय असं वाटलं तर मोठ्यानं सांगा, ‘माझा आवाज चढतोय, मी एक मिनिट थांबून बोलते,’ आणि खरंच थांबा. मुलांना याहून चांगला धडा कुठल्या पुस्तकात मिळणार नाही.

प्रश्न : आमच्या वेळी सगळा वर्ग मास्तरांच्या एका नजरेवर चालायचा. आमच्या भावना कुणी विचारल्या नाहीत, तरी आम्ही आयुष्यात उभे राहिलो. आता मुलांना सारखं ‘तुला काय वाटतंय’ विचारून आपण त्यांना नाजूक करून ठेवतोय.
— एक आजोबा, वय ७४

उत्तर : आपल्या पत्रातला शेवटचा भाग मला बराचसा मान्य आहे. ‘काय वाटतंय’ एवढंच विचारून थांबलं, पुढे काय करायचं ते दिलंच नाही, तर मूल स्वतःभोवतीच फिरत राहतं. आपण ज्याला शिस्त म्हणता तो स्वतःवरचा ताबा अतिशय महत्त्वाचा आहे, याबद्दलही दुमत नाही. न्यूझीलंडमधल्या ड्युनेडिन शहरात १९७२-७३ साली जन्मलेल्या सुमारे हजार मुलांचा पाठपुरावा संशोधक अजून करत आहेत. लहानपणी ज्यांचा स्वतःवर ताबा अधिक होता, त्यांची बत्तिसाव्या वर्षी तब्येत बरी होती, पैशाचे व्यवहार नीट होते आणि गुन्ह्यात सापडण्याचं प्रमाण कमी होतं. बुद्ध्यांक आणि घरची परिस्थिती बाजूला काढून पाहिलं तरी हाच निष्कर्ष निघाला. मोठं होताना ज्यांचा ताबा वाढला, त्यांचं पुढचं आयुष्य अपेक्षेपेक्षा बरं गेलं, हेही त्यात दिसलं.

म्हणजे ताबा हवा, हे आपलं दोघांचं एक. माझा प्रश्न आहे तो येतो कुठून, एवढाच. मास्तर वर्गाबाहेर गेले की ती नजरही बाहेर जायची ना? नजरेनं आवरलेलं मूल नजर हटेपर्यंतच आवरलेलं असतं.

मानसशास्त्रज्ञ वॉल्टर मिशेल यांचा प्रयोग आपण ऐकला असेल. चार-पाच वर्षांच्या मुलासमोर आवडीचा खाऊ ठेवायचा. लगेच घेतलास तर एक, मी परत येईपर्यंत थांबलास तर दोन. पुष्कळ लोक त्यातून एवढंच घेतात, की काही मुलं निग्रही जन्मतात. मिशेल यांना दिसलं ते निराळंच होतं. थांबणारी मुलं डोळे झाकायची, पाठ फिरवायची, गाणी म्हणायची. त्यांच्याकडे युक्त्या होत्या. आणि ज्यांना एरवी जमत नव्हतं, त्यांना ‘हे नुसतं चित्र आहे असं समज’ अशी युक्ती शिकवली की तीही कितीतरी जास्त थांबायची. या एका कसोटीवरून मुलाचं पुढचं आयुष्य ओळखता येतं हा दावा नंतरच्या अभ्यासांत, विशेषतः २०१८ च्या मोठ्या अभ्यासात, बराच फिका पडला. पण थांबणं शिकवता येतं, ही गोष्ट उरतेच.

२०१३ मध्ये प्रसिद्ध झालेला एक लहानसा प्रयोग तर माझ्या फार जवळचा आहे. २८ मुलं होती. खाऊ ठेवण्याआधी संशोधकानं त्यांना चित्रकलेचं चांगलं सामान आणून देण्याचं कबूल केलं. अर्ध्यांना आणून दिलं, अर्ध्यांना ‘नाहीये’ म्हणून सांगितलं. शब्द पाळलेला पाहिलेली मुलं खाऊसमोर सरासरी बारा मिनिटं थांबली. शब्द मोडलेला पाहिलेली तीन मिनिटं. आपल्या मास्तरांची नजर चालत होती, ती मला वाटतं मारापेक्षा यामुळे. ते जे म्हणतील ते करतील, याची मुलांना खात्री होती. तो भरवसा आजच्या वर्गातही हवाच आहे, आणि मी म्हणते त्या शिक्षणाचा पायाही तोच.

एक मात्र नम्रपणे सांगावंसं वाटतं. आपण उभे राहिलात, म्हणून आज पत्र लिहिता आहात. त्याच वर्गातून मध्येच शाळा सोडून गेलेली मुलं आपल्याला आठवतात का? ती का गेली, हे त्यांना तेव्हा कुणी विचारलं नव्हतं आणि त्यांची पत्रं माझ्याकडे येत नाहीत.

प्रश्न : आमच्या शाळेत यासाठी तयार संच घ्यावा असा विचार आहे. एका संचात दर सत्राला मुलांना ‘भावनिक गुण’ देऊन प्रगतिपुस्तकात नोंदवायची सोय आहे. आपलं मत?
— एक मुख्याध्यापक

उत्तर : गुण देऊ नका. सहानुभूतीला दहापैकी सात मिळायला लागले, की मुलं सहानुभूती दाखवायला शिकतात आणि ती वाटणं तसंच राहून जातं. शिवाय घरी ज्याचं बरं चाललेलं नाही, त्या मुलाला तुम्ही प्रगतिपुस्तकातही कमी ठरवणार. मोजायचंच असेल तर शाळा मोजा. वर्गाबाहेर काढलेल्या मुलांची संख्या, गैरहजेरी, आणि ‘अडचण आली तर मी जाऊन बोलेन असं शाळेत एक तरी मोठं माणूस आहे’ या वाक्याला नाव न लिहिता किती मुलं ‘हो’ म्हणतात, ते.

संच घ्यायला हरकत नाही, पण वेष्टनावरच्या शब्दांना भुलू नका. ब्रिटनमध्ये ८५ शाळांतल्या आठ हजारांहून अधिक मुलांवर सजगतेच्या, म्हणजे माइंडफुलनेसच्या, प्रशिक्षणाची मोठी चाचणी झाली. २०२२ साली निकाल आला : शाळा आधीपासून नेहमीच्या पद्धतीनं जे सामाजिक-भावनिक शिक्षण देत होत्या, त्यापेक्षा या नव्या प्रशिक्षणानं मुलांच्या मानसिक आरोग्यात जास्त काही साधलं नाही. डर्लाक यांच्या अभ्यासात उपयोगी ठरलेले कार्यक्रम पायरीपायरीनं चढत जाणारे होते, त्यांत मुलं प्रत्यक्ष करून बघायची, त्यांना ठरलेला वेळ होता आणि नेमकं कोणतं कौशल्य शिकवायचं ते स्पष्ट होतं. संच या चार गोष्टींवर तपासा. पैसे आणि वेळ यांतला मोठा भाग मात्र शिक्षकांच्या तयारीसाठी ठेवा. शिपाई, ग्रंथपाल आणि बसमधल्या मदतनीस यांनाही त्यात बसवा. मुलं सगळ्यात जास्त दुखावतात ती बसमध्ये आणि जिन्यात.

प्रश्न : मी नववीत आहे. आमच्या शाळेत दर शुक्रवारी गोलात बसून ‘आज मला काय वाटतंय’ ते सांगायचं असतं. माझ्या घरी सध्या जे चाललंय ते मला वर्गात सांगायचं नाही. मी दर वेळी ‘छान’ म्हणते. मग बाई म्हणतात, ‘खरं सांग.’ मला आता शुक्रवारी शाळेत जावंसंच वाटत नाही.
— एक विद्यार्थिनी

उत्तर : तुझं पत्र मी सगळ्यात आधी वाचलं आणि सगळ्यात जास्त वेळा वाचलं.

तू ‘छान’ म्हणतेस यात खोटेपणा नाही, बाळा. आपल्या मनातलं कुणासमोर काढायचं आणि कुणासमोर नाही, हे तुला कळतं. मोठ्या माणसांनाही ते कळायला वेळ लागतो. गोलात बसायचं ते एकमेकांचं ऐकायला शिकण्यासाठी. तिथे कुणाचं मन काढून घ्यायचं नसतं. माझ्या वर्गात पहिल्या दिवशीच नियम सांगितलेला असायचा : नंबर आला आणि बोलायचं नसेल तर ‘पुढे’ म्हणायचं. कारण द्यायचं नाही आणि कुणी विचारायचं नाही. एक मुलगा अर्धं वर्ष ‘पुढे’ म्हणत होता. तो ऐकत होता, आणि माझ्या दृष्टीनं तेवढं पुरेसं होतं.

बाईंना एकटं गाठ आणि म्हण, ‘मला सगळ्यांसमोर बोलायचं नाही. मी बसेन, ऐकेन, पण मला पुढे म्हणू द्या.’ तोंडानं जमत नसेल तर चिठ्ठी लिहून वहीत घालून दे. त्यांचा हेतू वाईट असेल असं मला वाटत नाही. ‘खरं सांग’ म्हटलं की मुलं मोकळी होतात, असं त्यांना वाटत असावं.

आता दुसरी गोष्ट, हळू वाच. ‘सगळ्यांसमोर नाही’ आणि ‘कुणालाच नाही’ यात फार अंतर आहे. घरी जे चाललंय ते तुझ्या एकटीच्या खांद्यावर राहू नये, असं मला फार वाटतं. आठवून बघ, तुझ्या ओळखीत असं कोण आहे जे कबूल केलेलं करतं आणि एकाचं दुसऱ्याला सांगत फिरत नाही? मावशी असेल, ग्रंथालयातल्या बाई असतील, मैत्रिणीची आई असेल. तिला आधी एवढंच सांग, ‘मला काही सांगायचंय. लगेच उपाय सांगू नका, आधी ऐका.’ सगळं एका बैठकीत सांगायचं नसतं.

पण घरी कुणी मारत असेल, नको तसा स्पर्श करत असेल किंवा तुझ्या मनात स्वतःला इजा करून घ्यायचे विचार येत असतील, तर थांबू नकोस, आजच सांग. पहिल्या माणसानं ऐकलं नाही तर दुसऱ्याला सांग, दुसऱ्यानं नाही तर तिसऱ्याला. त्यात तुझी काहीही चूक नाही.

हा अंक बाईंच्या टेबलावर ठेवायचा असेल तर खुशाल ठेव. पुढच्या दोन ओळी त्यांच्यासाठीच लिहिते आहे. बाई, येत्या शुक्रवारी गोल बसला की सुरुवातीलाच सगळ्या वर्गाला सांगा, की ज्याला बोलायचं नसेल त्यानं ‘पुढे’ म्हणावं. आणि पहिल्यांदा ते तुम्ही स्वतः म्हणून दाखवा, म्हणजे तिला ते एकटीला मागावं लागणार नाही.